नवीन पानं येईपर्यंत

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. अंबडच्या ज्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, तिथल्या तिच्या मैत्रिणीचा फोन होता. चहाच्या सुट्टीत, बसल्या जागी... मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली आकृती पूर्ण केली. तसं का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दिंडोरीकडचं गाव सोडून आत्याच्या सिडकोतल्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा गॅलरीत जाळीमागे इग्वाना बसलेला होता. दिसायला सरड्यासारखाच, पण शेपटीसकट माझ्या हाताहून लांब. शेजाऱ्यांची बदली झाली तेव्हा ते त्याला आत्याकडे सोपवून गेले होते. आत्या त्याला साहेब म्हणायची. "दिवसभर एका जागी बसतो, कुणाशी बोलत नाही आणि डबा वेळेवर लागतो. साहेबच की."

साहेबाला जास्वंदीची पानं-फुलं आवडत, म्हणून जाळीच्या आत जास्वंदीच्या कुंड्या होत्या. पानांबरोबर तो मातीही चाटायचा, आणि आत्याची सगळी काळजी त्या मातीची. नर्सरीतून आणलेलं रोप ती मुळांपर्यंत धुऊन काढायची. त्या मातीतले पांढरे दाणे पोटात अडकतात, खताचे गोळे तर विषच, म्हणायची. मग साधी माती, धुतलेला कोकोपीट, तळाशी थोडं मुरलेलं गांडूळखत आणि वर त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे गोटे. एवढं करूनही कुंडी लगेच आत जायची नाही. नवीन पानं येईपर्यंत ती बाहेर जिन्यात.

बाबांचं आणि तिचं एकदाच वाजलं, ते यावरूनच. बहिणीच्या झाडांसाठी बाबा आमच्या द्राक्षबागेतली गोणीभर माती बसमधून घेऊन आले होते. आत्याने मूठभर माती उचलून वास घेतला.

"भाऊ, ही नाही चालायची. किती फवारण्या झाल्यात हिच्यावर."

"आक्का, या मातीतली द्राक्षं लोक परदेशात खातात. तुझ्या सरड्याला नाय चालत व्हय?"

"लोक माती नाही खात रे."

बाबा हसले नाहीत. चहा न घेताच निघाले. नंतरही येत राहिले, पण रिकाम्या हाताने.

तेरावा झाल्यावर नातेवाईक म्हणाले, तो प्राणी देऊन टाका कुणाला तरी. मी परीक्षेपर्यंत इथेच राहणार होते, म्हणून तोही राहिला. आतल्या जास्वंदीच्या त्याने काठ्या करून टाकल्या होत्या. बाजारातल्या पाल्याला तोंड लावेना. खालच्या काकूंच्या अंगणातली फुलं मागून आणायचे, तेवढंच खायचा, आणि दिवसेंदिवस बारीक होत चालला. मी नर्सरीतून नवीन रोप आणलं. पण धुवायला घ्यायचं म्हटलं की नुसती रोपाकडे बघत बसायचे. त्या रविवारी बाबा आले. खांद्यावर गोणी होती. या दिवसांत त्यांना नाही कसं म्हणायचं...

"बागेतली नाय," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "खळ्यामागच्या चिंचेखालची हाय. तिथं फवारा कधी गेला नाय."

गॅलरीत बसून त्यांनी माती चाळली. मुळं धुतली, बराच वेळ.

"आक्का किती दिवस बाहेर ठेवायची?"

"नवीन पानं येईपर्यंत."

"ठेव मग."

आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. जेवलीस का, मग पानं आली का. काल दोन आली, लालसर. सांगितलं, तर म्हणाले, "जुनी पानं खुडून टाक आधी. नर्सरीतलं औषध असतं त्यांच्यात. तिनंच सांगितलं होतं मागं."

मी जिन्यात बसून एकेक पान खुडलं. चांगली तुकतुकीत हिरवी पानं. ओंजळ भरली. ती कुणालाच देता येण्यासारखी नव्हती. खालून कुणीतरी वर येत होतं. मी ओंजळ तशीच धरून भिंतीकडे सरकले आणि त्यांना जायला जागा दिली.