जैबुनच्या निकाहाची साक्ष

आज पोस्टातून पाच कार्डं आणवली, पन्नास पैसे पडले. भजनमंडळातल्या तुम्हां पाचही जणींना हाच मजकूर लिहिते आहे.

शेजारच्या जैबुनने नवऱ्यावर खावटीचा, म्हणजे पोटगीचा, दावा केला आहे. तो म्हणतो, आमचा निकाह झालाच नाही. काझींचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. दोन साक्षीदारांपैकी एक वारले, दुसरे करीमभाई खैरलांजीकडे गेले ते गेलेच. म्हणून आज बालाघाटच्या कोर्टात मी उभी राहिले.

निकाहाच्या दिवशी मी बायकांच्या खोलीत जैबुनजवळ बसले होते. तिनं तीनदा "कबूल है" म्हटलेलं ऐकलं, तेच सांगितलं. मग नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "दूल्हे को कबूल कहते देखा?"

पुरुष बाहेर मांडवात होते आणि मध्ये पडदा. जैबुन माझ्याकडे बघत होती. शपथ देवाची घेतली होती. मी म्हटलं, "नाही."

बाहेर आल्यावर आमचे वकील चिडले. "बाई, एक हौ म्हणायले काय जात होतं? आता जबलपूरच्या हायकोर्टात गेलो तरी तिथं तुमच्या जबानीचा हाच कागद वाचतील."

जैबुन एवढंच म्हणाली, "भाभी, अब मुन्नी को लोग क्या कहेंगे?" मुन्नी तिची चार वर्षांची लेक. घरी येऊन देवापुढे बसले, पण हात जोडवले नाहीत.

करीमभाई सापडतील असं वाटत नाही. तरी कोणाला पत्ता ठाऊक असल्यास परतीच्या टपालानं कळवा. आणि माझ्या जागी तुम्ही काय म्हटलं असतं, तेही खरं खरं लिहा.