शेवटच्या घरातलं चित्र

सलीमभाईंच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीत, म्हणजे आमच्या केबलच्या कंट्रोल रूममध्येच होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "काकू, अब्बा गेले," एवढंच मला कळलं. पुढं ती जे बोलली ते पंख्यांच्या घरघरीत विरून गेलं. सगळ्या नेर गावाला टीव्ही दाखवणाऱ्या त्या पेट्या, त्यांचे ते पंखे, एकूण एक सलीमभाईंनी बसवलेले... तासाभरानं मी आमच्या लोकल चॅनलच्या पट्टीवर त्यांची निधनवार्ता टाइप करायला बसले. गावात कोण गेलं, केव्हा नेणार, हे आमच्याकडे लोक त्या पट्टीवरच बघतात. 'सलीम' लिहिताना माझं बोट तीनदा चुकलं. या माणसानं वर्षानुवर्षं गावातल्या गेलेल्यांची नावं एक वेलांटी न चुकवता दाखवली, त्याचं नाव मी कसं चुकवणार? चौथ्यांदा नीट लिहिलं, आणि मगच उठून त्यांच्या घरी गेले.

बसस्टँडजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. माझे यजमान टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे. या दोघांनी आमच्या गच्चीवर पहिली डिशची छत्री उभी केली तेव्हा मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि त्या छत्रीखाली कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून रोज भांडत होते. पुढे यजमान गेले. नातेवाईक एकमुखानं म्हणाले, विकून टाक. तेराव्याच्या पंगतीला सलीमभाई आले, बाजूला उभे राहून म्हणाले, "वहिनी, गावची लाइन हाय, गावातच राहू द्या." मी विचारलं, "चालवणार कोण?" "मी हाव ना," ते म्हणाले. एवढ्यावर विषय संपला आणि मी नावापुरती मालकीण झाले.

केबल डिजिटल करायचा हुकूम आला तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या पुष्कळ जणांनी आपल्या लाइनी मोठ्या कंपन्यांना देऊन टाकल्या. सलीमभाईंनी अमरावतीहून दोन प्रकारच्या पेट्या आणल्या. मक्सर आणि मॉड्युलेटर. मक्सर दहा-बारा चॅनलांचं एक गाठोडं बांधतो, मॉड्युलेटर ते गाठोडं तारेवर चढवतो. बोलायला सोपं, पण दोन्हीकडे पन्नास आकडे भरायचे असतात आणि एक चुकला की गावभर काळोख. आठवी शिकलेल्या या माणसानं ते आकडे कुणाला न विचारता, जिद्दीनं, एकेक करून समजून घेतले. मी एम.एस्सी. आणि बघत बसलेली! त्यांचा एक नेम मात्र मला चमत्कारिक वाटायचा. खोलीतलं मीटर सगळं उत्तम म्हणत असलं तरी ते काम झालं असं म्हणत नसत. स्कूटर काढायचे, जिनिंग फॅक्टरीच्या पलीकडे लाइन जिथं संपते त्या वच्छलाबाईंच्या घरी जायचे, आणि त्यांच्या टीव्हीसमोर दहा मिनिटं बसून राहायचे. मी चिडवायचे, "सलीमभाई, चहासाठी जाता तुम्ही तिथं." ते म्हणायचे, "मीटर इथं बसते वहिनी. बिल तं थे बाई भी भरते."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं यवतमाळला जाऊन डायलिसिस करून यायचे, आल्यावर चेहरा पुसल्यासारखा पांढरा. पोळ्याच्या आठवड्यात त्यांनी मला सरळच सांगितलं, "वहिनी, पेट्या शिकून घ्या. माहं काई खरं नाई." मी स्वच्छ नाही म्हटलं. साठी उलटलेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डायबिटीस, आणि शिकवणारा कोण, तर ज्याला मीच एकदा टक्केवारी समजावून दिली होती तो! हे शेवटचं बोलले नाही, पण ते मनात होतं, आज कबूल करते. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचा माणूस कागद घेऊन येऊन गेला. अटी वाईट नव्हत्या. फक्त लोकल चॅनल बंद होणार होतं. म्हणजे ती पट्टी, गावातली लग्नं, मुलींच्या शाळेचं गॅदरिंग, सगळं. विचार करते म्हणून मी कागद ठेवून घेतले, आणि माझा विचार जवळपास झालेलाच होता.

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सलीमभाई यवतमाळला आणि इकडे एक मक्सर बसला. बारा चॅनल एकदम गेले, माझा फोन थांबेना. मी त्यांना लावला. एका हातात सुई, दुसऱ्या हातात फोन, असे ते दीड तास मला सांगत होते. "आता उजवीकडचं दुसरं. लाल हाय का हिरवं? घाबरू नोका, पेटी काई चावत नाई." मागे नर्सचं रागावणं मला ऐकू येत होतं. चित्र आलं. मी फोन ठेवला आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी वही घेऊन बसले होते. त्यांनी वही मिटवली. "लिहून नोका घेऊ. पेटी बिघडते तवाच वही सापडत नाई. हातानं करा." आणि पेटीतले सगळे आकडे पुसून टाकले! जादा ठेवलेल्या पेटीतलेच होते, तेवढं बरं. रोज भरायचं, रोज पुसायचं. चार महिने हा माणूस मला विद्यार्थिनीसारखा वागवत होता, आणि चुकले की हसत नव्हता. मी माझ्या शाळेतल्या मुलींना इतक्या सबुरीनं कधी शिकवलं नाही.

माझी मोठी चूक मात्र हुशारीची होती. मॉड्युलेटरमध्ये ६४ आणि २५६ असे दोन पर्याय असतात. २५६ घेतलं की त्याच तारेत जास्त चॅनल मावतात, हे मी गणितानं शोधून काढलं आणि त्यांना न विचारता एक गाठोडं २५६ वर टाकलं. खोलीतल्या टीव्हीवर चित्र आरशासारखं. मी खुशीत सांगितलं. ते स्कूटर काढून गेले. अर्ध्या तासानं फोन आला. "ऐका," म्हणाले, आणि त्यांनी फोन वच्छलाबाईंच्या टीव्हीला लावला. गाणं तुकडे तुकडे होऊन येत होतं... "चित्राचे निरे चौकोन होऊन राह्यले वहिनी. काहून झालं सांगा बरं?" मग त्यांनीच सांगितलं, "कापसाची गाडी किती भराची, थे डांबरी रोड पाहून ठरवत नाई. शेतातली पांधन पाहून ठरवतात." जिनिंगपलीकडची आमची तार जुनी, मध्ये पाच-सहा ठिकाणी सिग्नल वाढवून पुढं ढकललेला. दाटीनं भरलेलं गाठोडं तिथवर धड पोचतच नव्हतं. मी परत ६४ केलं. तिकडे ते दहा मिनिटं टीव्हीसमोर बसून राहिले, मग म्हणाले, "हां, आलं." त्यानंतर आमचं असंच ठरून गेलं, मी खोलीत आणि ते शेवटच्या घरी.

ते गेले त्याला आता दीड महिना होतोय. विसाव्या दिवशी व्होल्टेज वाढून आमचा मोठा मॉड्युलेटर जळाला. त्याच्यावर लोकल चॅनल होतं, आणि त्या दिवशी पट्टीवर दोन निधनवार्ता होत्या. कंपनीच्या माणसाला कुठून कळलं कुणास ठाऊक, दुपारी बारालाच त्याचा फोन. "मॅडम, आता तरी द्या. कोण करणार आहे तिथं?" संध्याकाळी सांगते म्हटलं आणि जादा पेटी खाली उतरवली. कोरी. सगळे आकडे हातानं भरले. हिरवे दिवे लागले, पण टीव्हीवर काहीच नाही. सुरुवातीपासून पुन्हा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेले, शाळेत पाढे घ्यायचे तशी. सापडलं! पुसलेल्या पेटीत कारखान्यातला ६९०० हा वेगाचा आकडा परत येतो, आपले सेट टॉप बॉक्स ६८७५ ओळखतात. तो बदलायला मी विसरले होते. बदलला, आणि पट्टी सरकायला लागली. मी खुर्चीत बसून रडले, थोडंसंच.

आणि मग लक्षात आलं, शेवटच्या घरी आज कुणी नाही. खोलीला कुलूप लावलं आणि जिनिंगपर्यंत ऑटोनं, पुढं पायी गेले. वच्छलाबाईंच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. त्यांनी मला पाहिलं, नाव विचारलं नाही, नुसतं एक स्टूल टीव्हीसमोर सरकवलं. कबड्डी लागली होती. मी घड्याळ लावून बसले. पाच मिनिटं, सात, दहा... एकही चौकोन नाही. तोवर चहा आला. तो तोंडाला लावला आणि थांबले. बिनसाखरेचा होता.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"सलीमभाऊनं सांगून ठेवलं होतं ना. म्हने, आता माह्या जागी वहिनी येत जातीन, त्यायले शुगर हाय, साखर नको टाकत जाऊ."

"कधी सांगितलं?"

"पोळ्याच्या टायमाले. माहा बैल सजवून राह्यली होती मी, तवा आलते."

पोळ्याच्या टायमाला. म्हणजे मी स्वच्छ नाही म्हटलं त्याच आठवड्यात. माझं नाही ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि इथं येऊन माझ्या चहाचं सांगून गेले. मी कप खाली ठेवला, तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि लाइन द्यायची नाही, कागद परत घेऊन जा म्हणून सांगितलं. मग चहा संपवला आणि वच्छलाबाईंना विचारलं, पुढच्या आठवड्यात कधी आलेलं चालेल.