गाडीत जागा नव्हती

शनिवारी सकाळी मालवणहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघंच होतो. नवरा स्टिअरिंगवर, शेजारी सासरे, मागे सासूबाई आणि मी. गाडी सात जणांची. एरवी नवरा तिच्यातून पर्यटक फिरवतो. ऐन सीझनमधली शनिवार-रविवारची भाडी सोडून त्याने ती घरच्यांसाठी काढली होती, सावंतवाडीच्या पलीकडे नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलला असलेल्या माझ्या नणंदेला भेटायला. सरळ गेलं तर दुपारच्या जेवणाआधी पोचावं असा हा रस्ता. आम्ही पोचलो रविवारी संध्याकाळी.

मला घाई होती आणि घाई का आहे ते सांगता येत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी नणंदेचा फोन आला होता, फक्त मला. वॉर्डात पहिलं ड्रेसिंग बघताना ती चक्कर येऊन पडली होती. खोलीतल्या मुली तिच्या ‘माका-तुका’ची नक्कल करायच्या. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “वैनी, आयतवारी मी तुमच्यावांगडा घराक येतंय, कायमची. बॅग भरून ठेवतंय. कोणाक सांगू नको.”

मी सांगितलं नाही, पण तिने बॅग भरायच्या आत पोचून तिला समजवावं एवढंच मनात होतं. बाकीच्यांना सांगून उपयोगही नव्हता. आमच्या या घरात कुणाला नाही म्हणायची पद्धतच नाही. सासरे काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं.

याच पद्धतीमुळे मी या घरात आहे, हेही खरं. मी मराठवाड्यातली. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आठवीचे वर्ग दुसऱ्या गावी, आणि तिकडची एसटी मध्येच बंद झाली. काही दिवस घरी राहिले, आईला पाण्याला हात मिळाला, आणि मग एसटी परत सुरू झाली तरी मी म्हटलं, जात नाही. घरचे म्हणाले, बरं. पुढे काही वर्षांनी नवरा आंब्याच्या पेट्या घेऊन आमच्या बाजाराला यायचा. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी शिक्षण विचारलं नाही, जेवण झालं का ते विचारलं. नणंद तेव्हा शाळेत होती. मासा कुठून धरायचा, खवले कसे काढायचे, हे तिने मला न हसता शिकवलं. नंतर मैदानात स्कूटर शिकवली, ती मात्र पोट धरून हसत. या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्याबरोबर प्रवास करायचा म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटतं.

कारण रस्त्यात नातेवाईक असतात. आणि नातेवाइकाच्या बेड्यावरून, म्हणजे फाटकासमोरून, गाडी न थांबवता नेणं हे आमच्याकडे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं धरतात.

पहिला थांबा वालावलला, सासूबाईंच्या भावाकडे. त्याआधी देवळात नारळ ठेवायचा होता. सासऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. रस्ता, गाडी, धंदा, सगळ्यांची तब्येत असं करत ते मुलीवर आले. “चेडू लांब शिकाक गेलला आसा. तेच्या मनात जा काय आसा, ता पुरा कर रे म्हाराजा.” नवरा म्हणाला, व्हय म्हाराजा. सासूबाई म्हणाल्या, व्हय म्हाराजा. राहिले मी. नणंदेच्या मनात काय आहे ते त्या देवळात फक्त मला माहीत होतं. देवालाही माहीत असावं, पण त्याने मध्ये पडू नये असं मला फार वाटत होतं. मी नुसताच घसा खाकरला.

मामांकडे चहा झाला, चहाचं जेवण झालं, जेवल्यावर ‘वाईच पडा’ झालं. उठेपर्यंत मामांनी गाडीत दोन गोणी नारळ, एक पोतं तांदूळ आणि दोन फणस चढवले होते. सासरे नुसते “कित्याक रे, कित्याक” म्हणत होते. मालवणीत याचा अर्थ ‘आणखी ठेव’ असा होतो. नवऱ्याने तिसरा फणस स्वतःच्या हाताने आत सरकवला.

आता तरी सावंतवाडी, म्हणून मी पदर खोचून बसले, तर गाडी शिरोड्याकडे वळली. शिरोड्याला सासऱ्यांची बहीण, आम्हा सगळ्यांची आत्ये. आम्ही सावंतवाडीपर्यंत जाऊन आलो आणि तिला वगळलं हे कळलं असतं तर तिने गणपतीला बोलणं टाकलं असतं. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, होस्टेलला भेटायची वेळ पाचपर्यंतच असते. तो म्हणाला, “आज शनवार गो. उद्या पाच वाजूक खूप वेळ आसा.” रात्र आत्येकडेच काढली.

रविवारी सकाळी आत्ये बाजारातून मासळी घेऊन आली. म्हणजे जेवल्याशिवाय सुटका नाही. दुपारी गाडीपाशी आलो तर आत्ये नवीन लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून मधल्या सीटवर बसलेली. भाचीला बघायला तीही येणार, आणि मग आमच्याबरोबर मालवणला चार दिवस राहणार. पायाशी आमसुलांचा डबा, मांडीवर काजूगरांची पिशवी, शेजारी केळ्यांचा घड माणसासारखा टेकून बसवलेला. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. एका फणसाचे काटे पोटरीला टोचत होते. वाटेत आत्येने तीनदा विचारलं, मी एवढी गप्प का. सासूबाई म्हणाल्या, गाडी लागते तिला. मला गाडी लागत नाही.

कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. नणंद बाहेरच उभी होती, घरचा ड्रेस घालून, पायाशी बॅग. रडून झालेलं दिसत होतं. सासऱ्यांनी बॅगेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, कायमची घरी येते, हे तिने एका दमात सांगितलं. आणि त्यांनी तेच म्हटलं जे म्हणणार हे मला माहीत होतं.

“मगे काय झाला? ये गो बाय. घर तुझाच आसा.”

नवऱ्याने बॅग उचलून गाडीचं मागचं दार उघडलं. एक फणस घरंगळत त्याच्या पायावर पडला.

मग त्या फाटकाशी जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. प्रत्येकजण चांगुलपणाची शर्यत लावल्यासारखा. आत्ये म्हणाली, मी खाली नारळांवर बसते. सासरे म्हणाले, मी एसटीने येतो. सासूबाई म्हणाल्या, केळी मांडीवर घेते. नवरा टपावर तांदूळ बांधायला दोरी शोधायला लागला. मामांचा तांदूळ ठेवून जाऊ, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. मुलगी कॉलेज का सोडते आहे, हेही कुणी विचारलं नाही. मी फणस उचलून उभी होते, आणि मला आमची एसटी आठवली.

“बाबा, जागा नाही,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या घरात इतक्या वर्षांत ‘नाही’ हा शब्द वापरला नव्हता. तोही मालवणीत नाही; घाबरले की मालवणी मला सोडून जाते.

“गाडीत जागा नाही. पुढच्या रविवारी गाडी रिकामी आणू. तेव्हाही हिला यायचं असेल तर बॅग मी उचलेन. आज नाही.”

पाचची घंटा झाली. मी एका हातात बॅग आणि काखेत फणस घेऊन होस्टेलच्या पायऱ्यांकडे निघाले. नणंदेला मागून यावंच लागलं. रागाने ती फुटायची बाकी होती.

“तुका काय म्हायत गो, हय कसा आसा ता?”

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. “मला आठवीसुद्धा कशी असते माहीत नाही. मी म्हटलं जात नाही, आणि सगळे म्हणाले बरं. तुला मी बरं म्हणणार नाही.”

बॅग पायरीवर ठेवली. मी फणस तिच्या हातात दिला आणि मागे न बघता आले.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी माझ्याशी बोलेना. आता या माणसांनी मला परत मराठवाड्यात नेऊन सोडलं तर, इथपर्यंत मी विचार केला. बऱ्याच वेळाने अंधारातून, केळ्यांच्या पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. “नाय म्हणूचा तर आमच्या भाषेत तरी म्हण. ‘जागा नाही’ काय, कंडक्टरासारख्या?” सासरे हसले, आणि मला रडू आलं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. नणंदेने फोन उचलला नाही. मधल्या वारी फक्त एक मेसेज आला, खोलीतल्या मुलींच्या चिकाने माखलेल्या चार-पाच हातांचा फोटो आणि खाली, ‘तेल न लावता फणस फोडलेनी. येडी चेडवां.’

रविवारी शब्द दिल्याप्रमाणे गाडी रिकामी नेली. कुठेही थांबायचं नाही अशी मी शपथ घातली होती, आणि वालावलच्या फाट्यावरून जाताना सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. नणंद फाटकाशी आली, हात हलवत. पायाशी बघितलं. बॅग नव्हती. तिने गाडीत वाकून रिकाम्या सीटा बघितल्या.

“आत्येक कित्याक नाय हाडलास? आणि माझो फणस?”

तिला घरी यायचंय का, हे मी विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. पाच वाजेपर्यंत वॉर्डातल्या एका म्हातारीच्या तक्रारी सांगत बसली. घंटा झाली तेव्हा उठली आणि आत गेली.

ती रिकामी सीट आम्ही कुडाळपर्यंतसुद्धा रिकामी आणू शकलो नाही. कुडाळच्या अलीकडे सासऱ्यांचा कुणी चुलतभाऊ रस्त्यात उभा होता. त्याच्या पायाशी दोन गोणी होत्या.