पुसलेला फोटो

फोटोताईचा स्टुडिओ म्हणजे मोठ्या जाऊबाईंचा हॉल. सकाळी सोफा भिंतीला सरकवायचा, पडदा टांगायचा, दिवे उभे करायचे आणि सहाच्या ठोक्याला सगळं गुंडाळून सोफा परत जागेवर. पाच मिनिटं उशीर झाला की जाऊबाई रिमोट हातात घेऊन दारात हजर. "तुझ्या गिऱ्हाइकाचं हसून झालं असेल तर आम्ही बसू का?" दीर बिचारे काहीच बोलायचे नाहीत, आणि त्याचंच ओझं जास्त व्हायचं. स्वतःची एक खोली हवी, तिला आपलं कुलूप हवं, एवढंच फोटोताईचं स्वप्न होतं.

धंद्यात तिचा एक नियम होता. फोटो काढला की आधी त्या माणसाला दाखवायचा. तो "नको" म्हणाला की त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचा, आणि का नको ते विचारायचं नाही. चेहरा देवानं त्याला दिलाय, आपण फक्त बटण दाबतो, अशी तिची साधी समजूत होती. इतर फोटोग्राफर हसायचे. पण कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारी माणसंसुद्धा तिच्यासमोर बसायची.

म्हणूनच त्या कंपनीनं तिला बोलावलं. तिथल्या एचआर मॅडमनी ते वर्ष 'विश्वासाचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. सुरुवातीला एक कार्यशाळा झाली. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. अकाउंटंट पडले तेव्हा सहकारी त्यांचा व्हिडिओ काढत होते. अकाउंटंट अजून मानेला पट्टा लावून येत. त्यानंतर एका फोटोग्राफरनं न विचारता स्टोअरकीपरचा फोटो काढला आणि तो 'मी कधीच थकत नाही' या ओळीसकट गेटवर लागला. तेव्हापासून घरी पाहुणे आले की स्टोअरकीपरची बायको सगळी कामं त्यालाच सांगायची. कॅमेरा दिसला की आता सगळं ऑफिस टेबलाखाली पडलेलं पेन शोधू लागे.

"लोकांचा विश्वास संपादन करायचाय," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत."

काम जमलं तर तिन्ही शाखांचं वर्षभराचं काम मिळणार होतं. फोटोताईनं मनातल्या मनात त्या खोलीला रंगही देऊन टाकला.

पहिले दोन दिवस तिनं कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. चहाच्या खोलीत बसली, कुणाच्या मुलीचं कॉलेज, कुणाचा गुडघा, सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी आपला नियम सांगितला. स्टोअरकीपर मुद्दाम पहिला बसला आणि सात फोटो पुसायला लावले. तिनं सातही पुसले. आठव्याला तो म्हणाला, "बरा आहे. पण खाली काही लिहायचं नाही." मग रांग लागली. मानेच्या पट्ट्यासकट अकाउंटंटही बसले.

राहिल्या चहाच्या मावशी. वीस वर्षं त्या ऑफिसला चहा पाजत होत्या आणि गेली काही वर्षं हाताला येईल तो टॉवेल तोंडासमोर धरून बोलत होत्या. फोटोताई त्यांच्या खोलीत दिव्याचा अंदाज घेत असताना मोठे साहेब तणतणत आत आले. साहेबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते हसतात की नाही यावर ऑफिसात दोन तट होते.

"मावशी, चहा आहे की शिक्षा? साखर कुठे गेली?"

"साखर तुमच्या डॉक्टरांनी बंद केली, मी नाही. भांडायचं तर त्यांच्याशी भांडा. ते लांब राहतात म्हणून माझ्यावर ओरडायचं होय?"

साहेब पोट धरून हसले. मावशीही हसल्या, टॉवेल विसरून. फोटोताईचं बोट आपोआप दाबलं गेलं.

असा फोटो वर्षात एखादाच मिळतो. साहेबांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "हा मी?" ते हळूच म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून तसेच बाहेर गेले. मावशींनी एक नजर टाकली आणि टॉवेल तोंडाशी नेला. "नको. पुसा."

फोटोताईचा जीव तुटला. तरी तिनं पुसला.

अर्ध्या तासानं मॅडम धावत आल्या. "साहेबांना तोच फोटो स्वागतकक्षात हवाय. सहा फूट बाय चार. मालक आणि मावशी, एकत्र हसताना. आख्खं विश्वासाचं वर्ष त्यात आलं."

"तो पुसला."

"पुसला म्हणजे?"

"मावशी नको म्हणाल्या."

"का?"

"मी विचारलं नाही."

मॅडमनी कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला बोलावलं. तो कार्डाकडे बघून म्हणाला, "पुसलेलं लगेच जात नसतं मॅडम. त्या जागेवर नवीन फोटो बसेपर्यंत आत तसंच असतं. पंधरा मिनिटं द्या, काढून देतो."

"बघा, प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या. "मावशींना आत्ता काही सांगू नका. भिंतीवर लागला की खूषच होतील. वर्षभराच्या कराराचा कागद मी सहीला ठेवलाय. एवढा विश्वास आमच्यावर ठेवा."

पुसलेलं परत येतं हे फोटोताईला ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाचा पुसला गेलेला आख्खा समारंभ तिनं असाच परत मिळवून दिला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कार्ड देते, असं सांगून तिनं वेळ मागून घेतला. बाकी साऱ्यांचे पसंत पडलेले फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिले आणि कार्ड हातात घेऊन व्हरांड्यात बसली.

सरळ नाही म्हणून घरी गेली असती तर मॅडम काय करणार होत्या? मॅडमची तिला भीती नव्हती. भीती स्वतःची होती. संध्याकाळी जाऊबाई रिमोट घेऊन दारात उभ्या राहिल्या की आपणच तो फोटो काढून पाठवू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. देवा, तू माझ्यावर जरा जास्तच भरवसा टाकलास, असं ती मनात म्हणाली.

समोरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. दोन गुलाबी हात एकमेकांत गुंफलेले आणि खाली 'विश्वास हाच आमचा पाया'. फोटोताईनं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, पोस्टरवर रोखलं आणि बटण दाबून धरलं. कॅमेरा खटखटत सुटला. दमला की क्षणभर थांबायचा, ती पुन्हा दाबायची. एकेक करत माणसं गोळा झाली.

"ताई, आला की फोटो," स्टोअरकीपर म्हणाला. "किती काढणार?"

"कार्ड भरेपर्यंत."

"मग ते गुलाबी हात नको म्हणाले तर?" अकाउंटंट म्हणाले, आणि आख्ख्या अंगानं तिच्याकडे वळून खुर्ची पुढे केली.

अकराशे बेचाळीस वेळा विश्वास टिपल्यावर कॅमेऱ्यानं जागा संपल्याचं सांगितलं. तेवढ्यात मॅडम आल्या. फोटोताईनं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या. आता काय हवं ते काढा."

कराराचा कागद सहीविनाच राहिला. चार दिवसांनी पत्र आलं की आपल्यात सहकार्याच्या भावनेचा अभाव आढळला. वर्षभराचं काम आधीच्याच फोटोग्राफरला मिळालं. त्यानं साहेबांचा एकट्याचा फोटो काढून स्वागतकक्षात लावला. येणारे लोक आता त्या भिंतीकडे पाठ करून बसतात म्हणे.

"शब्द पाळलास, छान," जाऊबाई म्हणाल्या. "आता सोफा उचल."

पुढच्या आठवड्यात मावशी हॉलच्या दारात उभ्या. ठेवणीतली साडी, केस चापूनचोपून बसवलेले, हातात टॉवेल नाही.

"त्या दिवशी पुसायला लावला, तुमचं काम गेलं म्हणे," त्या संकोचून म्हणाल्या. "अहो, दात नव्हते माझ्या तोंडात. जुनी कवळी तुटून वर्षं झाली, नवीन मिळायची होती. परवा मिळाली. आता काढा."

आतल्या दारातून जाऊबाईंचा आवाज आला. "कवळी? कवळीपायी गेलं काम?"

फोटोताईला हसावं की रडावं कळेना. फार मोठं काही कारण असेल अशी तिनं मनाची समजूत घातली होती. पण कारण मोठं असेल तरच पुसायचं, असा काही तिचा नियम नव्हता. तिनं दिवे लावले.

फोटो वाईट आला. नवीन कवळी निसटेल या धास्तीनं मावशींनी ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे वटारले होते. एखाद्या फौजदारीत साक्षीला उभं केल्यासारख्या दिसत होत्या. फोटोताईनं नियमाप्रमाणे त्यांना दाखवला आणि त्या नको म्हणतील म्हणून पुसायच्या बटणावर अंगठा तयार ठेवला.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. पदरानं डोळे टिपले.

"हा ठेवा," त्या म्हणाल्या. "सहा प्रती काढा. एक साहेबांना देते. रोज चहाला आले की विचारतात, मावशी, आपला तो फोटो कुठे गेला."