कातडीला धाडलेली नवी वडी

हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे माणसाची कातडी वाढवतात. ऑपरेशनमध्ये कापून टाकलेल्या कातडीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना उबेत ठेवून खाऊपिऊ घालायचं, की नखाएवढ्या चकत्या तयार होतात. त्यांच्यावर मी क्रीम, शाम्पू, साबण लावते, ठरलेल्या वेळाने धुते आणि मग एक औषध टाकते. कातडी जिवंत असेल तर जांभळी होते, मेली असेल तर फिकट राहते. पूर्वी हे सशांवर करायचे. ससे सुटले, एवढ्या एकाच गोष्टीचं मला या कामात समाधान आहे.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, पण आई धानोऱ्याच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून मी वाढले धानोऱ्यात. आई ड्युटीवर गेली की जवळच्या जंगलगावातली एक गोंड बाई मला सांभाळायची. तिला मी अजून बाईच म्हणते. आता ती आणि तिच्या पाड्यातल्या बायका मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं, तेल काढून साबण करतात आणि बाजारात विकतात.

एका शहरी दुकानवाल्याला तो साबण आवडला. जंगल, आदिवासी, निसर्ग वगैरे त्याने डब्यावर छापायला घेतलंच होतं. फक्त तपासणी हवी म्हणाला. मी आमच्याच प्रयोगशाळेचं नाव सुचवलं. बाईला मात्र डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची सून दर हिवाळ्यात गावच्या बायकांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाते आणि नातीला सोबत नेते. शाळा बुडते ती बुडतेच. हा माल वर्षभर गेला तर सुनेला इथेच काम मिळणार होतं आणि नात शाळेत बसणार होती.

"यंदा पोरगी मिरचीत नाई जाईन," बाई फोनवर म्हणाली. तिने ते इतक्या खात्रीने म्हटलं की मला धास्ती वाटली.

नमुने आमच्याकडे नावाने येत नाहीत, आकड्याने येतात. पण टोरीच्या तेलाचा वास मी झोपेतही ओळखीन. माझं लहानपण त्याच वासाच्या पदराला धरून गेलं. मी चकत्यांवर साबण लावला, धुतला, औषध टाकलं. सगळ्या चकत्या फिकट राहिल्या. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. आमच्या साहेबांनी काम चोख झाल्याबद्दल मान डोलावली आणि नापासाचा अहवाल पुढे पाठवला. मला त्या क्षणी त्यांच्या मानेचाही राग आला.

रजा काढून धानोऱ्याला गेले. एसटीतून उतरले ती तडक बाईच्या घरी. घरात फळीवर साबणाच्या वड्या मांडलेल्या होत्या. नव्या वडीतला खार बोचतो, म्हणून वड्या महिनाभर फळीवर मुरवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

"बाई, मुरलेली वडी धाडली होती ना?"

"मुरलेली कशी धाडू वो?" बाई म्हणाली. "ते जुन्या टोरीची. त्यातली अर्धी आम्हीच वापरली. तू म्हनली, कातडी माणसाची हाय. माणसाले उष्टं देऊ का? नवी टोरी आली, नवं तेल काढलं. पयली वडी देवाले ठेवली, दुसरी तिले धाडली."

त्यांच्यात नवा मोह असो की नवा आंबा, आधी देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. देवाच्या खालोखाल मान त्यांनी माझ्या नखाएवढ्या चकतीला दिला होता.

"पण ती बोचली नाही तुम्हाला?"

"हाताले लावून पाह्यली की साऱ्यायनं. काई झालं नाई."

तिने हात पुढे केले. धानाच्या रोवणीचा चिखल, तेंदूची पानं, चूल आणि राख यांतून गेलेले ते हात. त्यांना काय बोचणार होतं? मी चिडले. बाईवर नाही, पण आवाज तिच्यावरच चढला. बाईने तो ऐकून घेतला.

"ते कातडी मेली का मंग?"

"मेली."

"कोणाची होती?"

"असेल शहरातल्या कोणा बाईची. तिला ती नको होती, कापून टाकलेली."

"तरी वो," बाई म्हणाली. "जीव तं होता ना तिच्यात."

दुकानवाल्याला मी स्वतः फोन करून सांगितलं, वडी कच्ची होती, मुरलेली पुन्हा तपासा. तो म्हणाला, एकदा नापास झालेल्या मालावर पुन्हा खर्च करायला त्याच्या कंपनीत परवानगी मिळत नाही. त्याने दुसरीकडचा साबण घेतला. डब्यावरचं जंगल तेच ठेवलं, असं ऐकते.

हिवाळ्यात सून मिरचीला गेली. नात गेली. नातीला एकटी सोडवेना म्हणून या वर्षी बाईपण गेली.

आमच्या कपाटात त्या नमुन्याचा उरलेला तुकडा होता. इतक्या महिन्यांत तो आपोआप मुरला होता. एका कामातल्या काही चकत्या उरल्या, त्यांच्यावर मी तो लावला. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणाला दाखवायचंही नव्हतं. चकत्या जांभळ्या झाल्या, अगदी गडद. मी पाहत बसले आणि मला रडू आलं.

मी बाईला फोन लावला. मागे बायकांचा गलका होता.

"बाई, तुमच्या वडीने कातडीला काही झालं नाही. जगली ती."

"जगली?" बाई म्हणाली. "बरं झालं वो. लय दिवस जिवाले लागून होतं माह्या."

"नात कशी आहे?"

"हात जळून राह्यले तिचे. मिरचीनं. पाण्यात घालून बसते आन् रडते." मग तिने विचारलं, "मिरची लागली तं पोरायच्या हाताले काय होते, हे तुमच्या तिथी तपासत असन ना कोनी?"

"नाही, बाई," मी म्हणाले. "ते कोणी धाडत नाही."