आदल्या दिवशीचा अहवाल

आमच्या शाळेत कार्यक्रम व्हायच्या आधी त्याची बातमी तयार असायची, आणि ती मी लिहायचे. पदाने मी शिक्षिका. पण ग्रंथपालाची जागा दिंडोशीच्या त्या शाळेत कधी भरलीच गेली नाही, त्यामुळे वाचनालयाच्या किल्ल्या सोळा वर्षं माझ्या पर्समध्ये राहिल्या. किल्ल्यांबरोबर आणखी दोन कामं गळ्यात पडली. बाहेरच्या हिरव्या फळ्यावर ‘ग्रंथालय वार्ता’ लिहायची, आणि प्रत्येक दिनाचा अहवाल करून द्यायचा.

दिन काही थोडेथोडके नव्हते. वाचन प्रेरणा दिन, बालदिन, मराठी भाषा दिन, पुस्तक दिन, आणि मधल्या जागा भरायला थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या. प्लास्टिकच्या फुलांचा एकच हार होता, तो दोन्हीला चालायचा. पुस्तकं कपाटातून काढायची, पोरांच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, पुस्तकं परत कपाटात. एकदा दुसरीतली एक मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिने विचारलं, “बाई, आता उघडू का?” मी म्हटलं, “थांब, फोटो होऊ दे.” फोटो झाला आणि घंटाही झाली.

अहवाल फोटोसकट दुपारी बाराच्या आत पाठवायचा, असा वरून हुकूम होता. कार्यक्रम संपायलाच साडेअकरा व्हायचे. मग अहवाल आदल्या दिवशीच लिहून मोबाइलमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी फक्त फोटो जोडायचा. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ ‘विद्यार्थ्यांनी वाचनाचा मनमुराद आनंद घेतला.’ एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल आम्ही आभार मानले होते. आधी कळस मग पाया, असं म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

जिची ही गोष्ट आहे, ती मुलगी सातवीत होती तेव्हा वाचनालयात यायला लागली. मधल्या सुट्टीत मी डबा खात बसलेली असायचे आणि ती दारात उभी राहायची. आत येऊ का, हे विचारायला तिला जड जायचं. बोलताना ती अडखळायची. ‘प’ आणि ‘व’ तर तिच्या घशाशी जागच्या जागी थांबायचे, मान एका बाजूला ओढली जायची, डोळे मिटायचे. वर्गातली पोरं वाईट नव्हती, पण त्यांना घाई फार. तिने तोंड उघडलं की चारपाचजण मिळून तिचं वाक्य पुरं करून टाकायचे. चुकीचं पुरं केलं तरी ती मान हलवायची, सुटले एकदाची म्हणून.

एकदा तिला पाणी प्यायला जायचं होतं आणि पोरांनी तिला ‘पेन’ देऊन बसवलं. त्या दिवशी माझं डोकं सटकलं. वर्गात सांगून टाकलं, “तिचा शब्द तिलाच पुरा करू द्या. तुमचे शब्द तुमच्याकडे ठेवा. दहा मिनिटं लागली तरी कोणी मध्ये बोलायचं नाही.” स्वतःच्या त्या वाक्याचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता.

नोव्हेंबरात तिने एक पुस्तक उचललं. मुखपृष्ठ फाटलेलं, नाव गेलेलं, एका होडीवाल्याची आणि त्याच्या मुलीची गोष्ट. दिवाळीत गावाला अशीच होडी बघितली होती, असं तिने मला सांगितलं. सांगायला पाच मिनिटं लागली, पण पुरं सांगितलं. मी म्हटलं, “याचं एक पान मोठ्याने वाच ना. मला ऐकायचंय.” ती तांदळाच्या पोत्यावर बसली. पोषण आहाराचा तांदूळ वाचनालयातच ठेवत असू, कारण शाळेत तेवढी एकच खोली कुलपाची. पहिल्या दिवशी अर्धं पान झालं आणि सुट्टी संपली.

मग रोजचंच झालं. कुठे श्वास घ्यायचा तिथे ती पेन्सिलीने बारीक टिंब करायची. पुस्तकावर लिहायचं नाही हा नियम माझाच, पण तिला सूट दिली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. झाडणाऱ्या मावशी झाडू टेकवून दारात ऐकत उभ्या राहायच्या. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पान संपलं तेव्हा ती फक्त दोनदा थांबली होती. मावशी म्हणाल्या, “झकास वाचलंस गं!” पोरगी इतकी लाजली की पुस्तक तोंडावर धरून बसली.

मीच म्हटलं, “मराठी भाषा दिनाला स्टेजवर वाचशील?” तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “आ-आई येईल.” एवढंच. तिची आई समोरच्या टॉवरमध्ये चार घरी पोळ्या करायची. मुलगी चारचौघांत बोलेल याची आशा तिने सोडलेली होती. पालकसभेत तिनेच मला हे सांगितलं होतं, तेही मुलीच्या देखत, हवापाण्याचं बोलावं तसं. आईला ते पान ऐकवायचं, यासाठी पोरीने तीन महिने मधली सुट्टी दिली होती. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आदल्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे अहवाल लिहिला. ग्रंथदिंडी, प्रतिमापूजन, पाहुण्यांचं मार्गदर्शन, सगळं साच्यातलं. मग तिच्यासाठी एक वाक्य घातलं: ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थिनीने गोष्टीतील एका पानाचे, एकाही शब्दावर न अडखळता, सुंदर प्रकटवाचन केले.’ खाली तिचं नाव. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. तेच वाक्य रंगीत खडूंनी फळ्यावरही काढलं आणि सकाळपर्यंत फळा वर्तमानपत्राने झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे सव्वा तास उशिरा आले. नऊवारी नेसलेल्या पोरी उन्हात पालखी धरून उभ्या, पालखीत पुस्तकं. ती सातवीच्या रांगेत होती, पुस्तक काखेत. तिने मला खुणेनेच सांगितलं की आई आली नाही. सुट्टी मिळाली नव्हती, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं. पण घरून निघताना आईने बजावलं होतं, बाईंना व्हिडिओ काढायला सांग. मी तिला अंगठा दाखवला.

पाहुणे बोलले अर्धा तास. वाचनाचं महत्त्व सांगितलं आणि कामाच्या व्यापात आपल्याला वाचायला वेळ मिळत नाही, हेही सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते संपलं तेव्हा बाराला अठरा मिनिटं होती. मोठ्या बाई माझ्या कानाशी आल्या. “अहो, अहवाल जायचाय. तिचा फक्त फोटो घ्या आणि आभार उरका.”

मी म्हटलं, “एकच पान आहे.”

“तिला एका पानाला किती वेळ लागेल, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं नाही. चार मिनिटं लागली असती. मी घड्याळ लावून बघितलेलं होतं, तरी मला ते सांगता आलं नाही. मोठ्या बाईंची मला भीती वाटायची असंही नाही. अहवाल वेळेत जावा हे माझ्याही अंगात मुरलं होतं, दुसरं काही नाही.

ती स्टेजवर गेली, माइकसमोर उभी राहिली, पुस्तक उघडलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, शिकवलं होतं तसा श्वास घेतला. मी फोटो काढला. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी हसत माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाले, “छान! टाळ्या!” टाळ्या पडल्या. तिचं बोट पहिल्या शब्दावरच होतं. श्वास तिने केव्हा सोडला ते मला दिसलं नाही, कारण मी खाली मान घालून अहवालाला फोटो जोडत होते. बाराला सात मिनिटं असताना तो गेला. पालकांच्या ग्रुपवरही गेला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती हिरव्या फळ्यासमोर उभी दिसली. स्वतःचं नाव असलेल्या ओळीखाली बोट धरून वाचत होती. मला बघून म्हणाली, “बाई, पण मी वा… वा…”

“वाचलं नाहीस, माहितेय गं मला,” मी म्हटलं. “पण वाचलंच असतंस ना छान, म्हणून लिहिलं.”

तिने मान हलवली. वर्गातल्या पोरांपुढे हलवायची तशीच. आपण काय केलं ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. घरी, बोरीवलीला, भाजी निवडता निवडता एकदम आठवलं आणि हातातली मेथी तशीच राहिली. तिचा शब्द तिलाच पुरा करू द्या, असं सांगणारी मी. आणि फळ्यावरची ओळ तरी वेगळी काय होती? तिचं सबंध पानच मी आदल्या दिवशी पुरं करून टाकलं होतं.

त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. मी दोनदा बोलावलं, दोन्हीदा तिने परीक्षेचं कारण मैत्रिणीच्या तोंडून सांगितलं. फळा पुसावा असं रोज वाटायचं, पण तपासणी व्हायची होती. एप्रिलभर ती ओळ तिथेच राहिली.

मे महिन्याच्या सुट्टीत ठरलं की आमचं मराठी माध्यम बंद करायचं. पट फारच घसरला होता, हे काही खोटं नव्हतं. उरलेली मुलं जवळच्या दुसऱ्या शाळेत, मी तिसऱ्याच शाळेत, आणि वाचनालयाची खोली इंग्रजी माध्यमाला. जूनमध्ये मी पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधत बसले होते. ती आणि तिची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या आणि दाखला घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. मी उठून उभीच राहिले.

आईने पिशवीतून कोकमाच्या आगळाची बाटली काढून माझ्या हातात दिली. “गावाक गेल्लो, तुमच्यासाठी आणलंय. बाई, तुमी लिवलात ना, ता मी झेरॉक्सवाल्याकडसून कागदावर काढून घेतलंय. सासऱ्यांनी गावाक चौकट करून लावलाय. येतलो-जातलो त्याका दाखवतत. आमची नात एक शब्द न अडखळता वाचता म्हणान.”

मी मुलीकडे बघितलं. ती आईच्या मागे उभी होती, दाखल्याची गुंडाळी करत. आईला तिने काहीच सांगितलेलं नव्हतं. मला वाचवायला गप्प राहिली की आईचा आनंद मोडवेना म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

“घरात म्हटला तर तोंड उघडूचा नाय,” आई म्हणाली. “आजोबांनी शंभरदा सांगितल्यानी, वाच गो म्हणान. नाय. त्या दिवसाचो व्हिडिओ आसा काय तुमच्याकडे? मी एकदासुद्धा ऐकलंय नाय हो.”

खरं बोलायची वेळ तीच होती. ‘तिला वाचूच दिलं नाही, ते मी खोटं लिहिलं,’ एवढी दोन वाक्यं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी मी गप्प बसले असं म्हणायला बरं वाटेल. पण मी माझ्यासाठीच गप्प बसले. त्या बाटलीसकट, त्या चौकटीसकट मला चांगली बाई राहायचं होतं.

“फोटोच काढला होता,” मी म्हटलं. “व्हिडिओ राहिला.”

“ऱ्हवांदे. मग आता वाच गो. बाई आसत, मी आसय. थोडाच वाच.”

मला ते एकदम पटलं. वाटलं, सगळं अजून दुरुस्त होईल. मी खाली बसले, कात्री शोधली, दोन गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापल्या. तिसऱ्यात ते सापडलं, मुखपृष्ठ नसलेलं. पान उघडून तिच्यापुढे धरलं. पेन्सिलीची टिंबं तशीच होती.

तिने पुस्तक हातात घेतलं नाही. टिंबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नको बाई,” ती म्हणाली. “माझं वा… वा…”

मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. या वेळी मी थांबले. ओठ घट्ट मिटून थांबले. काहीही झालं तरी हा शब्द तिचा तिनेच पुरा करायचा, मग तो माझ्या तोंडावर मारायचा असला तरी चालेल.

“वाचून झालाहा म्हणता ती,” आई हसून म्हणाली. “स्टेजवर वाचल्यान ना, म्हणान. जावंदे बाई, तुमका कामा आसत.”

मुलीने डोळे उघडले आणि मान हलवली. दोघी गेल्या. मी ते पुस्तक परत गठ्ठ्यात ठेवलं आणि सुतळीला गाठ मारली.