शेजाऱ्यांची कावळ्यांची शिकार

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास माझी कोल्हापूरहून रत्नागिरीला बदली झाली. तिथले आमचे शेजारी आधी सुपारी कातरायचे आणि मगच बोलायचे. त्यांनी शेतात पेरलेला भुईमूग कावळे उकरून खात होते. त्यांच्या बायकोने तंबी दिली, तेव्हा ते ठासणीची बंदूक घेऊन निघाले आणि मलाही बरोबर नेलं.

बांधाआड बसून त्यांनी नेम धरला, एक डोळा मिटला आणि ते मोठ्याने ओरडले, "आबा, तुम्ही असाल तर उडा वो!"

सगळे कावळे उडाले.

"आबा कोण?" मी विचारलं.

"आमचे वडील. पितर कावळ्यात येतात ना? चुकून त्यांनाच लागली तर?"

असं दोन-तीनदा झालं. मग त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. "तुमचं हितं कोण वारलेलं नाय. तुम्ही मारा."

मी नेम धरला, तर ते कानाशी कुजबुजले, "तो नको, आबांसारखी मान वाकडी करतो. पलीकडची आमची आत्या वाटते."

शेवटी मी आकाशात बार काढला. ते इतके खूश झाले, की पाठ थोपटतच मला घरी घेऊन आले.

आणि बायकोला दारातूनच म्हणाले, "मी काय करणार? पावण्यांना नेमच धरता येत नाय."